मोटारीच्या रंगावरील कोळिष्टक

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, वडीगोद्रीपासून जवळच, अंतरवाली सराटी हें गांव आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचें हें लहानसें गांव २०२३ सालीं मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळें साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. त्या वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं तेथें जी प्रचंड सभा भरली तिला दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसें आलीं, आणि त्यांना घेऊन आलेल्या मोटारी गांवाभोंवतालच्या मोकळ्या रानांत उभ्या राहिल्या. सभेचा विषय येथें प्रस्तुत नाहीं. प्रस्तुत आहे ती त्या रानांतली धूळ, आणि मोटार घरीं परतल्यावर त्या धुळीचें पुढें काय होतें हा प्रश्न.

अशा ठिकाणाहून परतलेल्या मोटारीच्या बाबतींत बहुतेक गृहस्थ एकच गोष्ट करितात. डिकींतलें फडकें काढून बॉनेटवरून, टपावरून आणि दारांवरून गोल गोल हात फिरवितात. धूळ जाते, रंग उजळतो, आणि काम झालें असें वाटतें. नुकसान त्याच क्षणीं झालेलें असतें. तें दृष्टीस पडतें मात्र कांहीं दिवसांनीं, एखाद्या सकाळीं कोंवळें ऊन तिरपें पडलें म्हणजे. सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं, कोळ्यानें जाळें विणावें तसें, बारीक वर्तुळाकार रेघांचें एक कडें दिसूं लागतें. काळ्या, गडद निळ्या किंवा तांबड्या मोटारीवर तें फारच ठळक असतें. पांढऱ्या व रुपेरी मोटारीवरही तें असतें, पण लपून राहतें. इंग्रजींत ह्या रेघांना स्वर्ल मार्क म्हणतात, आणि मोटारींचें काम करणाऱ्या मंडळींत तोच शब्द रूढ झाला आहे.

ह्या वर्तुळांविषयींची पहिली नवलाची गोष्ट अशी, कीं तीं बहुतांशीं वर्तुळें नसतातच. पाहणारा दोन पावलें बाजूला सरला, कीं तें कडेंही त्याच्याबरोबर सरकतें. रंगावर खरोखरच कोरलेलें असतें तर तें जागचें हललें नसतें. वस्तुस्थिति अशी आहे, कीं रंगाच्या पृष्ठभागावर हजारों बारीक ओरखडे सर्व दिशांनीं पसरलेले असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक सूक्ष्म चर, आणि त्या चराच्या उतरत्या बाजू प्रकाश आडव्या दिशेनें फेंकतात. त्यांपैकीं प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेचे जे ओरखडे असतील, तेवढ्यांचाच प्रकाश पाहणाराच्या डोळ्यांत शिरतो; बाकीच्यांचा प्रकाश भलतीकडे जातो व ते अदृश्य राहतात. म्हणून सूर्य असो कीं रस्त्यावरचा दिवा असो, जेथें प्रतिबिंब तेथें त्याच्याभोंवतीं कडें. ढगाळ दिवशीं प्रकाश सर्व बाजूंनीं सारखा येतो, त्यामुळें ओरखडे असूनही दिसत नाहींत. जुनी मोटार विकत घेणारानें ती सावलींत पाहून निर्धास्त होऊं नये, तें याच कारणामुळें.

हे ओरखडे पाडतें कोण? नुसतें फडकें फारसें नव्हे. फडक्याखालीं सांपडलेली धूळ. मराठवाड्याची काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, झिजेंतून तयार झाली आहे. तिचा मोठा भाग मऊ चिकणमातीचा असला, तरी पाषाणांतील न कुजलेले कण तिच्यांत राहतातच. आणि रस्त्यावरच्या धुळींत तर खडी, मुरूम व नदीची वाळू यांचाही चुरा मिसळलेला असतो. १८१२ सालीं फ्रीड्रिख मोस ह्या जर्मन शास्त्रज्ञानें खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी जी श्रेणी बसविली, तिच्यांत ह्या पाषाणांतील फेल्डस्पार ६ व्या पायरीवर आहे. त्याच पाषाणाच्या पोकळ्यांत सांपडणारी गारगोटी व अकीक ७ च्या आसपास येतात. उलट मोटारीचा रंग म्हणजे भट्टींत घट्ट केलेलें एक प्रकारचें प्लास्टिकच. त्याचें काठिण्य अजमावण्यास कारखान्यांत पेन्सिलीच्या शिशाची कसोटी पुरते. अशा मऊ पृष्ठभागावर गारगोटीचा कण कापडाखालीं दाबून फिरविला, तर त्याचा माग उमटल्याखेरीज कसा राहील?

घरांतील नित्याच्या दोन वस्तू ह्याच गोष्टीची साक्ष देतात. धोतराच्या सोग्यानें किंवा पदरानें वर्षानुवर्षें पुसलेला चष्मा दिव्याकडे धरला, कीं भिंगावर तेंच कोळिष्टक दिसतें. राखेनें घासलेली पितळेची परात उन्हांत ठेवली, कीं तिच्यावर घासणाऱ्या हाताचे फेरे मोजून घ्यावेत. परातीला त्याचें कांहीं नाहीं. ती पितळेचीच आंतबाहेर आहे. मोटारीची गोष्ट तशी नाहीं, आणि तेंच ह्या साऱ्या प्रकरणाचें मर्म आहे.

मोटारीच्या रंगाची घडण पूर्वी निराळी होती. घोडागाड्यांच्या काळापासून चालत आलेलें रोगण चढवून वाळविण्यास आठवडे लागत. अमेरिकेंत १९२३-२४ च्या सुमारास ड्युको नांवाचें लवकर वाळणारें लॅकर मोटारींसाठीं निघालें आणि तो कालावधि झपाट्यानें खालीं आला. पुढें भट्टींत वाळविलेलीं एनॅमलें आलीं. मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार झालेल्या फियाट व पद्मिनी मोटारी ज्यांनीं सांभाळल्या, त्यांना आठवत असेल कीं पॉलिश करतांना फडक्याला मोटारीचा रंग लागत असे. तेथें जो रंग तोच सर्वांत वरचा थर होता. १९८० च्या दशकापासून जगभर निराळी पद्धति रूढ होत गेली व भारतांतल्या नव्या मोटारींतही तीच आली. ह्या पद्धतींत पत्र्याला प्रथम विजेच्या साह्यानें गंजरोधक थर बसवितात. त्यावर प्रायमर, त्यावर पातळसा रंग, आणि सर्वांच्या वर क्लिअर कोट नांवाचा कांचेसारखा पारदर्शक थर. चकाकी असते ती ह्या शेवटच्या थराची. त्यांतच सूर्याच्या अतिनील किरणांना अडविणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात, आणि त्यांच्या आधारानें खालचा रंग विटण्यापासून बचावतो. बहुतेक ओरखडेही ह्याच थरांत पडलेले असतात.

हा थर किती जाड असतो, हें ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. साधा लिहावयाचा कागद सुमारें १०० मायक्रॉन जाड असतो. पत्र्यावरचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यांतला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे अर्ध्या कागदाएवढा. मोटारीचें सारें तेज ह्या अर्ध्या कागदावर उभें असतें. फडक्याचे ओरखडे त्यांत बहुधा एक ते तीन मायक्रॉन खोल जातात.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावें. पडलेला ओरखडा जातो कसा? सर्वसाधारण समजूत अशी, कीं पॉलिश म्हणजे ओरखड्यांत भरावयाचें कांहीं तरी द्रव्य. समजूत नेमकी उलटी आहे. अंगणांतला खड्डा माती घालून बुजवितां येतो. क्लिअर कोटमधला चर कायमचा बुजवील अशी माती पॉलिशच्या बाटलींत नसते. तेव्हां एकच उपाय उरतो: चराच्या तळापर्यंत भोंवतालचें सारें मैदानच खालीं आणावयाचें. दोन मायक्रॉन खोलीचा एक ओरखडा नाहींसा करावयाचा, तर त्याच्या आसपासचा पृष्ठभाग तेवढाच उतरवावा लागतो. चकाकी वाढते ती कांहीं दिल्यानें नव्हे, कांहीं काढून घेतल्यानें. सहाणेवर चंदन उगाळलें म्हणजे गंध मिळतें, पण खोड तेवढें लहान होतें. मोटारीच्या पॉलिशचा हिशेब अगदीं तसाच आहे.

ज्या द्रव्यानें ही झीज करितात तें आपल्याकडे परकें नाहीं. आजच्या बहुतेक कंपाउंडांत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि हेंच द्रव्य निसर्गांत खनिजरूपानें सांपडतें तेव्हां त्याला कुरुंद म्हणतात. मोसच्या श्रेणींत त्याची पायरी ९ वी, म्हणजे हिऱ्याच्या एकच खालीं. इंग्रजींतलें त्याचें नांवही दक्षिण भारतांतूनच तिकडे गेलें. शिकलगार हत्यारांना धार लावीत आणि रत्नांचे कारागीर पैलू पाडीत, ते कुरुंदाचा चुरा लाखेंत बसवून केलेल्या चाकावर. त्यांचें तत्त्व आणि आजच्या यंत्राचें तत्त्व एकच आहे: मोठ्या ओरखड्याच्या जागीं लहान ओरखडा आणावयाचा, आणि त्याच्या जागीं त्याहून लहान. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. ओरखडे तिच्याहून पुष्कळ लहान झाले, कीं पृष्ठभाग आरशासारखा भासतो. ओरखडे संपले असें नव्हे; ते प्रकाशाच्या मापांत बसेनासे होतात.

हाच उद्योग हातानें करावयाचा म्हटला, तर दाब सर्वत्र सारखा पडत नाहीं व माणूस थकून जातो; म्हणून यंत्र आलें. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला रोटरी. ह्यांत तबकडी एकाच आंसाभोंवतीं, कुंभाराच्या चाकाप्रमाणें, मिनिटाला हजार ते दोन हजारांवर फेरे घेते. त्याची काप जोरकस असते, परंतु घर्षणाची उष्णता एकाच जागीं सांठते; आणि नवशिक्याच्या हातून तें यंत्र जुने ओरखडे काढतांना स्वतःचे लांबट, फिरते पट्टे मागें ठेवतें. दुसरा प्रकार ड्युअल अ‍ॅक्शन. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां सूर्याभोंवतीं फिरते, तसें ह्यांतलें पॅड स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां मध्यबिंदूपासून दूर राहून लहान घेरेही घेतें. ह्या घेरांचें माप निरनिराळ्या यंत्रांत ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असतें. कोणताही कण एकाच वाटेनें पुन्हां पुन्हां जात नसल्यामुळें पट्टे पडत नाहींत, उष्णता विखुरते, आणि दाब फाजील झाला तर पॅडचें फिरणें आपोआप मंदावतें. घरच्या घरीं प्रयत्न करूं इच्छिणारानें हेंच यंत्र हातांत घ्यावें. रोटरी यंत्र अनुभवी कारागिराचें.

कामाचा आरंभ यंत्रानें होत नाहीं, पाण्यानें होतो. मोटार प्रथम स्वच्छ धुवावी लागते. धुळीचा एक कण राहिला, तर यंत्र त्याच कणाला मिनिटाला हजारों वेळां रंगावर फिरवितें. धुऊनही डांबराचे ठिपके व लोखंडाची किटण रंगांत रुतून राहते. पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून रंगावरून हलकेच बोटें फिरविलीं, तर ती खरखर चटकन कळते. ती काढण्यास क्ले नांवाची मऊ लुकणासारखी वडी मिळते. साबणाच्या पाण्यानें पृष्ठभाग निसरडा ठेवून ती दाब न देतां फिरवावी, आणि जमिनीवर पडली तर पुन्हां वापरूं नये. नंतर रबराच्या पट्ट्या, काळें प्लास्टिक आणि पत्र्याच्या उंच कडा कागदी चिकटपट्टीनें झांकून घ्याव्या. मोटार सावलींत व पत्रा थंड असावा. मराठवाड्याच्या वैशाखांत हें काम पहाटेंच आटोपलेलें बरें.

यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. रंगाची जाडी मोजण्याचें हातांत मावणारें एक उपकरण असतें; तें पत्र्यावर टेंकतांच मायक्रॉन सांगतें. तें सर्व थरांची बेरीज सांगतें, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. तरीही एखाद्या दारावर आंकडा इतरांहून फारच कमी आला, तर तेथें पूर्वी कोणी तरी जोरानें घासून गेलें आहे असें समजावें, आणि फारच अधिक आला तर तें दार अपघातानंतर पुन्हां रंगविलेलें आहे. साध्या उपकरणाला प्लास्टिकच्या बंपरवरचा रंग मोजतां येत नाहीं. दुसरी कसोटी नखाची. ओरखड्यावरून नख आडवें नेलें असतां तें अडकलें, तर तो ओरखडा पॉलिशनें सुरक्षितपणें जाण्याजोगा उरला नाहीं. त्याला तसाच राहूं द्यावा, किंवा रंगाऱ्याकडे न्यावें. एका खोल रेघेसाठीं सारें बॉनेट झिजविणें हा शहाणपणा नव्हे.

मग दीड फूट औरसचौरस जागेंत प्रयोग करून पाहावा. नियम असा, कीं सर्वांत सौम्य पॉलिश व सर्वांत मऊ फोमचें पॅड घेऊन सुरुवात करावयाची. तेवढ्यानें काम न झालें तरच एकेक पायरी वर चढावयाची. उग्र कंपाउंड व लोकरीचें पॅड हें शेवटचें हत्यार होय. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पांच थेंब पुरतात. यंत्र रंगावर टेंकवूनच सुरू करावें, नाहीं तर थेंब भिंतीवर उडतात. मंद गतीनें द्रव्य पसरून घ्यावें, मग गति मध्यमाहून थोडी वर न्यावी आणि हात सेकंदाला इंच-दीड इंच इतक्याच सावकाशीनें चालवावा. प्रत्येक पट्टा आधींच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला असावा. प्रथम उभे पट्टे, मग आडवे, असे चार-सहा फेरे. दाब यंत्राच्या वजनाहून थोडाच अधिक. पॅडच्या पाठीमागें शाईनें एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरतांना दिसते तोंवर काम होत आहे, ती थबकली म्हणजे दाब अधिक झाला किंवा पॅड तिरपें धरलें गेलें. एवढा भाग झाला, कीं स्वच्छ मायक्रोफायबरनें अवशेष पुसून विजेरीच्या तिरप्या प्रकाशांत पाहावें. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशानें साफ करावें, कारण झिजलेला रंग त्यांतच सांठत असतो. शेवटीं मऊ पॅड व अतिसूक्ष्म पॉलिश यांचा एक हलका फेर सर्वत्र द्यावा. ह्या रीतीनें एक मोटार पुरी करावयास एक-दोन दिवस लागतात. तासाभरांत रबिंग-पॉलिश करून देऊं असें कोणी म्हणालें, तर त्यांतल्या कोणत्या पायऱ्या गाळल्या जाणार हें मोटारधन्यानें स्वतःशीं विचारून पाहावें.

धोक्याच्या जागा मोजक्या, पण निश्चित आहेत. पत्र्याच्या कडा व दारांवरून गेलेल्या उंच घड्या येथें रंग मुळांतच पातळ बसतो आणि यंत्राचा सारा दाब मात्र तेवढ्याच अरुंद धारेवर एकवटतो. बंपर प्लास्टिकचा असतो. पत्रा उष्णता पसरवितो, प्लास्टिक ती धरून ठेवतें. मधून मधून हाताची पाठ लावून पाहावी. ऊब चालेल, चटका चालणार नाहीं. एखाद्या कडेवर यंत्र कांहीं क्षण अधिक रेंगाळलें, तर क्लिअर कोट तेथें निघून जातो आणि खालचा निस्तेज रंग डोळे वटारून वर पाहूं लागतो. त्यावर पॉलिशमध्यें औषध नाहीं. तो भाग पुन्हां रंगविणें एवढाच मार्ग राहतो, आणि नव्या रंगाची जुन्याशीं छटा जुळविणें हें पुन्हां निराळेंच दिव्य.

ह्याच्या अगदीं उलट फसवणूकही आहे. कांहीं मिश्रणांत तेल व मेण यांचें प्रमाण मोठें असतें. तीं ओरखड्यांत जाऊन बसतात, मोटार दुकानांतून निघतांना नवरीसारखी दिसते, आणि चार-सहा धुण्यांनंतर जुनें कोळिष्टक पुन्हां जसेंच्या तसें वर येतें. ग्राहकाला वाटतें, रंगच वाईट; म्हणून तो पुन्हां त्याच दुकानांत जातो. खरी परीक्षा सोपी आहे. पॉलिश केलेल्या जागेवर पाण्यांत मिसळलेलें आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यानें हलकेच फिरवावें. तेल निघून जातें, आणि ओरखडे झिजले आहेत कीं नुसते झांकले आहेत, तें तात्काळ उघड होतें. झांकणें हा अपराध नव्हे. पातळ झालेल्या जुन्या रंगाला तेंच योग्य. पण जें केलें त्याचेंच नांव सांगावें, एवढी अपेक्षा रास्त आहे. सिरॅमिक कोटिंगविषयींही हेंच म्हणतां येईल. त्यानें पाणी व घाण लवकर ओघळते, धुणें सोपें होतें. पण तो थर अत्यंत पातळ असतो, आणि धुळीच्या फडक्यापुढें तो कवच ठरत नाहीं.

एवढें पाहिल्यावर हिशेब मांडतां येतो. सौम्य पॉलिशच्या एका फेरींत सुमारें एक मायक्रॉन जातो. उग्र कंपाउंडाच्या कामांत दोन ते पांच. अनुभवी कारागीर एका मोटारीच्या साऱ्या आयुष्यांत साधारण आठ-दहा मायक्रॉनांहून अधिक झीज होऊं देत नाहींत, कारण त्यापुढें अतिनील किरणांपासूनचें संरक्षण दुबळें होत जातें व कांहीं वर्षांनीं क्लिअर कोट पापुद्रे धरूं लागतो. म्हणजे पुरें काम मोटारीच्या जन्मांत दोन-तीन वेळां. जो गृहस्थ दर दिवाळीला उग्र रबिंग करवितो, तो मोटारीची काळजी घेतो असें शेजाऱ्यांना वाटतें; वास्तविक तो मुद्दल खर्चून व्याज मिळाल्याचा आनंद मानीत असतो.

तेव्हां पॉलिशची विद्या शिकणारानें आधीं पॉलिश टाळण्याची विद्या शिकली पाहिजे. तिचें सार एका वाक्यांत येतें: कोरडी धूळ नुसती बसली म्हणून रंग बिघडत नाहीं, ती पुसली म्हणून बिघडतो. पक्ष्यांची विष्ठा मात्र ह्याला अपवाद. ती रंग खाते, म्हणून ती लगेच भिजवून उचलावी. शहरांतल्या इमारतींतून रोज पहाटे मोटारी पुसण्याचा जो प्रघात आहे, त्यांत एकच माणूस एका बादलींत व एका फडक्यानें आठ-दहा मोटारी पुसतो. चौथ्या मोटारीपर्यंत तें पाणी चिखल झालेलें असतें. दोष त्या माणसाचा नाहीं. त्याला रोजची चमक दाखवावयाची असते, कारण चमक दिसली नाहीं तर महिनाअखेरचा पगार ओढला जातो. त्याच पगारांत त्याला रोज पुसण्याऐवजीं आठवड्यांतून एकदां नीट धुण्यास सांगावें आणि दोन बादल्या व चार स्वच्छ फडकीं घरून द्यावीं. त्याचे कष्ट वांचतात आणि मोटारीचा रंगही.

धुण्याची रीत लांबलचक नाहीं. प्रथम पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. एका बादलींत मोटारीचा शाम्पू, दुसरींत नुसतें पाणी. मऊ हातमोजा शाम्पूंत बुडवून टपाकडून खालीं, सरळ रेषेंत, दाब न देतां फिरवावा आणि प्रत्येक वेळीं दुसऱ्या बादलींत खंगाळून घ्यावा. कपड्यांची पावडर वापरूं नये. शेवटीं मऊ टॉवेल टेंकवून पाणी टिपून घ्यावें; विहिरीचें किंवा बोअरचें क्षारयुक्त पाणी उन्हांत तसेंच वाळलें तर पांढरे डाग धरतात.

येथें कोणी म्हणेल, कीं ज्या मुलुखांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याला टँकरची वाट पाहावी लागते, तेथें मोटार धुण्याच्या गोष्टी शोभत नाहींत. आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तरही वरच्या सूत्रांतच आहे. पाणी नसेल तेव्हां मोटार धुवूं नये. पण पुसूंही नये. समोरची कांच व दिवे दोन तांबे पाण्यांत स्वच्छ होतात, आणि प्रवासाच्या सुरक्षिततेला तेवढें पुरतें. बाकीची धूळ आठ दिवस राहिली तर रंगाचें कांहीं जात नाहीं. जातो तो मोटारधन्याचा थोडा ऐट मिरविण्याचा हक्क.

अंतरवाली सराटीसारख्या गांवच्या रानांतून रात्रीं उशिरा घरीं परतलेली मोटार सकाळीं दाराशीं धुळीनें माखलेली दिसते. शेजारी पाहतात, मुलें बोटानें तिच्यावर नांवें लिहितात, आणि हात नकळत फडक्याकडे जातो. मुलांना तेवढें थांबवावें, कारण त्यांच्या बोटाखालींही तीच गारगोटी असते. आणि आपलाही हात आवरावा. अर्ध्या कागदाएवढा एक थर कारखान्यांत एकदांच मिळालेला आहे. यंत्र त्याला उजळा देऊं शकतें, त्यांत भर घालूं शकत नाहीं. पाणी मिळेपर्यंत मोटार मळकी राहूं देणें, हीच त्या थराची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली राखण होय.